कडक की नवा? स्पोर्ट्स कारच्या पुढच्या बुशची निवड

जुनी स्पोर्ट्स कार विकत घेतली की मालकाला पहिला सल्ला ठरलेला मिळतो : पुढचे रबरी बुश काढ, पॉलीचे टाक, गाडी बदलून जाईल. तो बुश बदलतो आणि गाडी खरंच बदलते. स्टीअरिंग सरळ राहतं, ब्रेक मारल्यावर गाडी बाजूला ओढत नाही, वळणात शिरतानाचा ढिलेपणा जातो. श्रेय मात्र सगळं पॉलीला, म्हणजे पॉलीयुरेथेनला मिळतं. तीस वर्षांचं थकलेलं रबर काढून त्या जागी नवं रबर बसवलं असतं तर यातला किती फरक तसाही पडला असता, हे कुणी विचारत नाही. माझ्या मते निवडीची सुरुवात याच प्रश्नापासून व्हायला हवी, कारण भाग नवा असल्याचा फायदा आणि भाग कडक असल्याचा फायदा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाली की माणूस नको तो कडकपणा विकत घेतो आणि वर्षभर त्याचा आवाज ऐकत बसतो.

बोलायला एकच गाडी समोर ठेवू : माझदा एमएक्स-५, तीही पहिल्या पिढीची. आपल्याकडे माझदा हे नाव स्वराज माझदाच्या मिनीबस आणि ट्रकमुळे ओळखीचं. ही छोटी गाडी कंपनीने भारतात कधी विकली नाही. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार शोमध्ये ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. जपानात तिचं नाव युनोस रोडस्टर. दोन सीट, उघडं छत, पुढे लहानसं इंजिन, ताकद मागच्या चाकांना, वजन एक टनाच्या आसपास. ही पिढी १९९७ पर्यंत बनत राहिली आणि पुढच्या पिढ्या धरून २०१६ च्या एप्रिलमध्ये उत्पादनाने दहा लाखांचा टप्पा ओलांडला. म्हणजे जगभर पहिल्या पिढीच्या हजारो गाड्या आज तीस-पस्तीस वर्षांच्या आहेत, आणि त्यांतल्या कित्येकींचे बुश कारखान्यातून आले तेच आहेत. या गाडीचं पुढचं सस्पेन्शन साफ, समजायला सोपं आहे, म्हणून ती निवडली.

पुढच्या प्रत्येक चाकाला दोन त्रिकोणी आर्म असतात, एक वर आणि एक खाली. यालाच डबल विशबोन म्हणतात. आर्मच्या बाहेरच्या टोकाला बॉल जॉइंट, आतल्या बाजूला दोन बुश. म्हणजे एका चाकाला चार, पुढे एकूण आठ. एक बुश हातात घेतला तर एकात एक अशा दोन धातूच्या नळ्या दिसतात आणि मधे रबर. बाहेरची नळी आर्मच्या भोकात प्रेसने घट्ट बसवलेली असते. आतल्या नळीतून बोल्ट जातो आणि तो आवळला की ती नळी सबफ्रेमच्या, म्हणजे सस्पेन्शन धरणाऱ्या चौकटीच्या, दोन कानांमध्ये पक्की धरली जाते. ती मग अजिबात फिरत नाही. चाक वरखाली झालं की आर्म फिरतो, आणि ते फिरणं रबर स्वतः पीळ घेऊन पार पाडतं. कुठे काही घासत नाही. म्हणून त्याला ग्रीस लागत नाही, ते कुरकुरत नाही आणि धूळ-पाणी आत शिरायला फट नसते.

बुशचं खरं काम यात दडलेलं आहे. आर्म वरखाली फिरताना त्याने शक्य तितकं मोकळं असावं, आणि इतर सगळ्या दिशांना आर्मला जागच्या जागी धरून ठेवावं. एका दिशेला मऊ, बाकीच्यांना ताठ. निवडीचे सगळे वाद या एका मागणीभोवती फिरतात.

‘धरून ठेवणं’ म्हणजे किती जोराविरुद्ध, याचा ढोबळ हिशेब करून पाहण्यासारखा आहे. चालकासह गाडीचं वजन १०५० किलो धरा. चांगले टायर, कोरडा रस्ता आणि पूर्ण दाबलेला ब्रेक असेल तर गाडीच्या वजनाइतका जोर तिला मागे खेचत असतो. त्यातला साधारण ७० टक्के वाटा पुढची चाकं उचलतात, म्हणजे एका चाकाला सुमारे ३६५ किलो. हा जोर टायर रस्त्याला टेकतो तिथे, जमिनीच्या पातळीवर लागतो. खालचा बॉल जॉइंट जमिनीपासून १८ सेंटिमीटरवर आणि वरचा ४३ सेंटिमीटरवर धरला, तर तरफेच्या नियमाने खालच्या आर्मवर मागच्या दिशेने सुमारे ६३० किलो येतात आणि वरच्या आर्मवर पुढच्या दिशेने सुमारे २६५. दोन्हींची वजाबाकी केली की पुन्हा ३६५ हाती येतात. म्हणजे रस्ता चाकाला जेवढं ढकलतो, त्याच्या पावणेदोनपट जोर एकटा खालचा आर्म सोसतो. हा जोर आर्मच्या बाहेरच्या टोकाला, आणि त्याला धरणारे बुश आतल्या टोकाला. वरून पाहिलं तर तो आर्मला फिरवू बघतो : पुढचा बुश बाहेर ओढला जातो, मागचा आत दाबला जातो.

रबर थकलेलं असेल तर खालचा बॉल जॉइंट मागे सरकतो, वरचा पुढे. ज्या तिरक्या अक्षाभोवती चाक वळतं, त्याचा मागचा कल, म्हणजे कॅस्टर, तेवढ्यापुरता कमी होतो. स्टीअरिंग आपोआप सरळ करणारा जोर याच कॅस्टरमधून येतो, आणि ऐन ब्रेकच्या वेळी तोच ढिला पडतो. चाकाला वळवणारा टाय रॉड मात्र आपल्या जागी असतो. त्यामुळे चाक सरकताना थोडं वळतंही. टाय रॉड चाकाच्या वळण्याच्या अक्षापासून १२ सेंटिमीटरवर जोडलेला असेल, तर तिथे १ मिलिमीटरचा फरक पडला की चाक जवळजवळ अर्धा अंश वळतं. अलाइनमेंटच्या मशिनवर टो, म्हणजे चाकाचं तोंड आत-बाहेर किती वळलं आहे ते, मिनिटांमध्ये मोजतात, आणि एक अंश म्हणजे साठ मिनिटं. पाच मिनिटांसाठी आपण पैसे मोजतो, आणि थकलेला बुश एका ब्रेकमध्ये तीस मिनिटं इकडेतिकडे करतो. दोन बाजूंचे बुश सारखे थकलेले नसतात, म्हणून गाडी कधी डावीकडे ओढते तर कधी उजवीकडे.

आता रबर हे काम मुळात कसं करतं ते पाहू. पॉली, डेलरिन नावाचं कडक प्लॅस्टिक, धातूचे बेअरिंग हे सगळे रबराला उत्तर म्हणून आले आहेत, पण रबराची बाजू फारशी कुणी मांडत नाही. रबर आकार सहज बदलतं, आकारमान मात्र जवळजवळ बदलत नाही. चिमटीत दाबलं की ते बाजूला फुगतं. त्याला फुगायला जागाच ठेवली नाही, म्हणजे दोन नळ्यांच्या मधल्या बारीक फटीत कोंडलं, तर तेच मऊ रबर दाबाविरुद्ध कमालीचं ताठ होतं. पिळाला मात्र ते तितकंच मऊ राहतं, कारण पिळताना आकारमान बदलावं लागत नाही. रबराच्या थराची जाडी बदलून, एका बाजूला पोकळ्या ठेवून, किंवा थराच्या मधोमध धातूची तिसरी पातळ नळी घालून अभियंता ठरवू शकतो की हा बुश आडव्या जोराला ताठ असावा, पुढेमागे थोडा मऊ असावा आणि फिरायला मोकळा असावा. एकाच तुकड्यात तीन दिशांना तीन वेगळे स्वभाव! पुढेमागे ठेवलेला तो थोडा मऊपणा खड्ड्याच्या कडेचा टोला गिळण्यासाठी असतो.

म्हणूनच कडकपणाचा आकडा पाहून बुश निवडणं मला पटत नाही. पाकिटावर शोअर ए मोजपट्टीचा आकडा छापलेला असतो. या मोजणीत एक बोथट सुई पृष्ठभागात किती रुतते ते पाहतात. टायरच्या तळाचं रबर या पट्टीवर साधारण ६० ते ७०, गाड्यांचे मूळ बुश ५० ते ७० च्या आसपास, आणि पॉलीचे बुश बहुतेक ८० ते ९५. ब्रिटनच्या पॉवरफ्लेक्स कंपनीचे जांभळे बुश ८० चे आणि रेसिंगसाठीचे काळे ९५ चे. पण हा आकडा पदार्थाचा आहे, बुशचा नाही. ६० च्या रबराचा पातळ थर ८० च्या पॉलीच्या जाड थरापेक्षा आडव्या जोराला ताठ निघू शकतो. भोकाचा आकार, थराची जाडी, पोकळ्या, कडेच्या कॉलरची रुंदी हे जोवर सारखं नाही, तोवर दोन आकड्यांची तुलना करून काही हाती लागत नाही.

रबराचं दुखणं एकच, पण मोठं : ते म्हातारं होतं. हवेतला ओझोन ताणलेल्या रबराला चिरा पाडतो, इंजिनची उष्णता त्याला ठिसूळ करते, आणि गळणारं ऑइल नैसर्गिक रबराला फुगवून पोचट करतं. गाडी गॅरेजमध्ये झाकून ठेवली तरी हे थांबत नाही. काढलेला जुना बुश उजेडात धरून आतली नळी अंगठ्याने दाबून पाहावी. नळीच्या कडेने अर्धवर्तुळाकार चीर उघडते आणि तिच्या आत रबर काळं कुळकुळीत, ताजं दिसतं. बाहेरचा भाग राखाडी पडलेला असतो. ही चीर रबर आणि नळी यांचा जोड सुटल्याची खूण. गाडीवर असताना तपासायचं तर चाक उचलून आर्म आणि सबफ्रेम यांच्या मधे टॉमी घालून हलकं उचकायचं. आर्म थोडा हलून परत जागी आला तर ठीक. टकटक करत सरकला आणि तिथेच राहिला तर बुश गेला. आपल्याकडचा मेकॅनिक खराब रस्त्यावर ‘खट खट’ ऐकून जे निदान करतो, ते याच गोष्टीचं. स्पोर्ट्स कारमध्ये मात्र आवाज यायच्या कितीतरी आधी हात स्टीअरिंगवर ते ओळखतात.

अशा गाडीला कंपनीचेच नवे रबरी बुश घातले तर काय होतं? गाडी जशी बनवली होती तशी होते. हे ऐकायला साधं वाटतं, पण आज चालवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ती गाडी त्या अवस्थेत कधी अनुभवलेलीच नसते. रोज रस्त्यावर चालवायची, सुट्टीच्या दिवशी घाटात न्यायची, वर्षातून एखाददुसऱ्या वेळी ट्रॅकवर उतरवायची, असा वापर असेल तर माझी पहिली पसंती नव्या रबराला. माझदाने २०१७ मध्ये जपानात पहिल्या पिढीच्या जीर्णोद्धाराची योजना जाहीर केली आणि बंद झालेले सुटे भाग पुन्हा बनवायला घेतले. तिथे गाडीची मूळ चाल परत आणणं हे ध्येय मानलं गेलं, आणि मला ते योग्य वाटतं. वर्षानुवर्षं डोकं लावून बसवलेली चाल आहे ती.

रबर आणि पॉली यांच्या मधला एक पर्याय फार कमी लोक विचारात घेतात : मूळ मापाचेच, पण जास्त कडक रबराचे बुश. काही गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांचे स्पर्धा विभाग ते विकतात, माझदाच्या अमेरिकेतल्या विभागानेही विकले आहेत. बांधणी तीच, रबर नळीला तसंच चिकटलेलं, फक्त मिश्रण कडक. कुरकुर नाही, ग्रीस नाही, आणि ब्रेकखाली आर्म जास्त पक्का. नियमित ट्रॅकवर जाणाऱ्या पण गाडी घरून चालवतच नेणाऱ्या माणसाला याहून चांगला सौदा मला दिसत नाही. एकच किंमत मोजावी लागते : रबर पिळाला पण कडक झालेलं असतं, म्हणून प्रत्येक बुश थोडा स्प्रिंगसारखा वागतो आणि सस्पेन्शन किंचित ताठ भासतं.

आता पॉली. पॉलीयुरेथेन हा १९३७ मध्ये जर्मनीत ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलेला पदार्थ. फोमपासून बुटाच्या तळापर्यंत सगळीकडे तो आहे. बुश म्हणून त्याचे गुण खरे आहेत : ऑइलला दाद देत नाही, झिजायला चिवट, आणि बहुतेक संच प्रेसशिवाय हाताने किंवा बाकावरच्या शिकंज्यात बसतात. पण त्याची काम करण्याची पद्धत रबरापेक्षा मुळातच वेगळी आहे आणि हेच खरेदी करणाऱ्याला सांगितलं जात नाही. पॉली नळीला चिकटलेलं नसतं. ते नळीभोवती फिरतं. म्हणजे हा आता पीळ घेणारा तुकडा राहिला नाही, घासत फिरणारं साधं बेअरिंग झालं. घासणं आलं की ग्रीस आलं, आणि ग्रीस वाळलं की कुरकुर आली. थंड सकाळी सोसायटीच्या स्पीडब्रेकरवरून जाताना जुन्या खाटेसारखा जो आवाज येतो तो याचाच.

आवाज सहन करता येतो. खरा त्रास अडकण्याचा आहे. पॉलीची कॉलर आतल्या धातूच्या नळीपेक्षा केसभर जरी लांब असली, तर बोल्ट आवळताना सबफ्रेमचे कान नळीऐवजी पॉलीवर दाबले जातात आणि आर्म जाम होतो. मग छोट्या खाचखळग्यांवर चाक हलतच नाही, आणि मोठा धक्का आला की एकदम सुटून हलतं. शॉकअप कितीही चांगले घातले तरी हे लपत नाही. यावर एक साधी परीक्षा आहे आणि ती चुकवू नये. स्प्रिंग-शॉकअप बसवण्याआधी आर्म एकटा बोल्टवर लावायचा, सांगितलेल्या टॉर्कला आवळायचा, हाताने आडवा धरायचा आणि सोडायचा. तो स्वतःच्या वजनाने सावकाश, न थांबता खाली यायला हवा. हवेत तसाच अडकून राहिला तर बोल्ट काढून पॉलीची कॉलर बारीक सँडपेपरवर घासायची आणि पुन्हा पाहायचं. आठही बुशना हे करायला अर्धा दिवस जातो. तो अर्धा दिवस दिला नाही, तर पॉलीवर खर्च केलेले पैसे वाया गेले असं समजा.

एमएक्स-५ च्या पुढच्या आर्मला पॉली शोभतं याचं कारण तिच्या रचनेत आहे. प्रत्येक आर्मचे दोन्ही बुश एकाच सरळ रेषेत आहेत, आणि आर्म त्या रेषेभोवती दारासारखा फक्त फिरतो. बेअरिंगला हेच हवं. जिथे आर्म फिरताना वाकडाही होतो, तिथे पॉली अडून बसतं. मॅकफर्सन स्ट्रट असलेल्या गाड्यांमध्ये आणि मागच्या ट्रेलिंग आर्ममध्ये असे बुश सर्रास असतात. रबर वाकडं व्हायला तयार असतं, कडक पॉली नसतं. मग जोर आर्मवर, कंसावर, वेल्डिंगवर जातो. आपली गाडी कोणतीही असो, तिचा आर्म नुसता फिरतो की वाकतोही, हे आधी पाहावं आणि मगच पाकीट उघडावं.

पॉलीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आपल्या हवेसाठी महत्त्वाची. पॉलीयुरेथेन दोन जातींचं मिळतं, एस्टरवर आधारलेलं आणि ईथरवर आधारलेलं. एस्टरचं उष्ण-दमट हवेत पाण्याने हळूहळू तुटत जातं; जुन्या स्पोर्ट्स शूजचा तळ कपाटातच भुगा होतो तो याच कारणाने. ईथरचं पाण्याला टिकतं. मुंबई, कोकण, गोवा इथे चार महिने ओल्यात राहणाऱ्या कोणत्याही गाडीसाठी विक्रेत्याला हा प्रश्न विचारायलाच हवा.

डेलरिन आणि गोलाकार बेअरिंग यांच्याबद्दल थोडक्यात. डेलरिन हे ड्यूपॉन्ट कंपनीने आणलेल्या ॲसिटल प्लॅस्टिकचं नाव. कडक, घसरतं, आणि पॉलीपेक्षा मोकळं फिरतं. मात्र त्याला दोन्ही भोकं अचूक एका रेषेत लागतात. तीस वर्षांत एखादा किरकोळ अपघात सोसलेल्या आर्ममध्ये ती तशी असतीलच असं नाही. धातूचं गोलाकार बेअरिंग सगळ्या दिशांना फिरतं आणि कुठेही दबत नाही. ट्रेलरवर नेऊन फक्त ट्रॅकवर चालवायच्या गाडीसाठी तेच योग्य. रस्त्यावर ते चिखल-धुळीने लवकर खिळखिळं होतं, आणि रबर जो धक्का गिळायचं तो सरळ सबफ्रेमच्या पत्र्यापर्यंत पोचवतं.

कडक म्हणजे चांगलं, या समजुतीला सगळ्यात मोठा छेद देणाऱ्या दोन गाड्या आहेत. दोन्ही उदाहरणं मागच्या चाकांची, पण मुद्दा पुढच्यालाही लागू आहे. १९७७ मध्ये आलेल्या पोर्शे ९२८ चं मागचं सस्पेन्शन वाइसाख ॲक्सल म्हणून ओळखलं जातं. वळणात चालकाने घाबरून पाय उचलला की चाकं बाहेर तोंड करतात आणि गाडी गरकन फिरते, ही त्या काळची भीती. पोर्शेच्या अभियंत्यांनी आर्मच्या पुढच्या जोडाला मुद्दाम लवचिकता ठेवली, अशी की त्याच क्षणी चाक आत तोंड करतं. माझदाने दुसऱ्या पिढीच्या आरएक्स-७ मध्ये मागच्या हबचे बुश असे बेतले की वळणाचा जोर वाढत गेला की चाकाची दिशा बदलत जाते. पुढे काही मालकांना हा बदल हाताला विचित्र वाटू लागला आणि ती लवचिकता बंद करणारे कडक बुश बाजारात आले. ते घालणारे चुकले असं मी म्हणणार नाही. ट्रॅकवर रोज तेच वळण घेणाऱ्याला गाडी एकसारखी वागलेली हवी असते. पण ते काय काढून टाकत आहेत हे त्यांना ठाऊक होतं. आपल्या गाडीच्या पुढच्या बुशमध्ये एका बाजूलाच पोकळी दिसली, तर ती तिथे का ठेवली आहे हे समजून घेतल्याशिवाय भरीव बुश घालू नये.

कधी बुश बदलण्यामागचा हेतू कडकपणा नसून भूमिती असतो. बीएमडब्ल्यूच्या ई३० एम३ ला पुढच्या आर्मचे असे बुश होते, ज्यांचं भोक मध्यापासून सरकवलेलं होतं. त्यामुळे चाक पुढे येऊन कॅस्टर वाढतो. साध्या ई३० चे मालक हे बुश आपल्या गाडीला लावू लागले, कारण थोड्या खर्चात स्टीअरिंगला जाणवण्याइतका जिवंतपणा येतो. एमएक्स-५ मध्ये याची गरज कमी पडते : खालच्या आर्मचे दोन्ही बोल्ट विकेंद्री चकत्यांवर बसतात, आणि त्या फिरवून कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेरचा कल, आणि कॅस्टर दोन्ही जुळवता येतात. गाडी फार खाली बसवलेली असेल आणि चकत्यांचं अंतर पुरत नसेल, तरच सरकवलेल्या भोकाच्या बुशकडे वळावं.

याच चकत्यांचे बोल्ट ही या कामातली सगळ्यात मोठी डोकेदुखी. ब्रिटन किंवा अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. ते पाण्यासोबत बोल्ट आणि बुशची आतली नळी यांच्या मधे शिरतं आणि दोन्ही गंजून एकजीव होतात. नट सुटतो, बोल्ट फिरवला की बुशची नळीही सोबत फिरते आणि रबर फाटतं, बोल्ट मात्र बाहेर येत नाही. शेवटी आर्म आणि सबफ्रेम यांच्या फटीत करवतीचं पातं घालून तो दोन्हीकडून कापावा लागतो. म्हणून बुशची ऑर्डर देतानाच नवे बोल्ट, चकत्या आणि नटही मागवावेत, आणि खोलण्याआधी प्रत्येक चकतीची जागा रंगाने खुणावून तिचा फोटो काढून ठेवावा.

रबर निवडलं असेल तर बसवण्यात एक चूक इतकी सर्रास होते की नव्या बुशची बदनामी तिच्यामुळेच होते. गाडी जॅकवर, चाक लोंबकळत असताना बोल्ट पूर्ण आवळला, की आतली नळी त्या लोंबत्या स्थितीत पक्की होते. मग गाडी खाली उतरवली की आर्म वर फिरतो आणि रबर पिळून ठेवलेल्या अवस्थेतच उरलेलं आयुष्य काढतं. आर्मची लांबी ३०० मिलिमीटर आणि चाकाचं लोंबणं ८० मिलिमीटर धरलं तर हा पीळ सुमारे १५ अंशांचा होतो. सहा मिलिमीटर जाडीच्या रबरी थरात म्हणजे जवळजवळ तीन मिलिमीटरचं ओढलं जाणं, तेही गाडी उभी असताना. वरून खड्डा आला की ते आणखी वाढतं. असा बुश वर्षभरात चिरतो. म्हणून बोल्ट आधी नुसते हाताने लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, पुढे-मागे ढकलून, वरून दाबून बसवायची, आणि रॅम्पवर किंवा खड्ड्यावर नेऊन खालून टॉर्क रेंचने बोल्ट आवळायचे. पॉलीला ही अट नाही, कारण ते पीळ धरतच नाही. पण खाली बसलेल्या गाडीवर आवळायची सवय लावून घेतलेली बरी.

खर्चाची विभागणी करायची वेळ आली तर आधी खालचे आर्म. वर काढलेल्या हिशेबात खालच्या आर्मवर वरच्यापेक्षा दुपटीहून जास्त जोर येत होता. अँटी-रोल बारचे बुश स्वस्त असतात, दोन-दोन बोल्टांवर निघतात, आणि तिथे पॉली घालायला काहीच हरकत नाही. बार हलका फिरला की झालं. मात्र डावा नवा आणि उजवा जुना असं कधी करू नये. निम्मे पैसे वाचतात आणि गाडी ब्रेकला एका बाजूला ओढते.

बुश बदलल्यावर अलाइनमेंट आलंच, आणि ते त्याच दिवशी घाईने करू नये. दोन-तीनशे किलोमीटर चालवून बुश जागी बसू द्यावेत, मग चकत्यांचे नट टॉर्कला पुन्हा तपासावेत आणि गाडी मशिनवर न्यावी. इतक्या हलक्या गाडीत एका माणसाच्या वजनानेही उंची बदलते आणि तिच्यासोबत कॅम्बर. त्यामुळे टाकी अर्धी भरून, चालकाच्या सीटवर त्याच्या वजनाइतक्या वाळूच्या पिशव्या ठेवून मापं घ्यायला सांगावं. कारागिराने मापांची छापील पट्टी दिली की ती जपून ठेवावी. सहा महिन्यांनी पुन्हा मोजल्यावर आकडे तेच आले तर बुश आपलं काम करत आहेत. चकत्यांना हात न लावता ते सरकले असतील, तर कोणता बोल्ट ढिला आहे किंवा कोणत्या बुशने नळी सोडली आहे ते शोधायला टॉमी घेऊन गाडीखाली शिरावं.